फुई गायली नाही

आमच्या पाड्यावर शिकलेल्या बाईचे दोनच प्रकार ठाऊक होते, शाळेची बाई आणि दवाखान्याची बाई. कोर्टाची बाई हा तिसरा प्रकार होता, पण ती शिकलेली नसायची. नवऱ्यानं टाकलेली, नाहीतर दिराशी जमिनीवरून वाजलेली, तारीख असली की सकाळची जीप धरून डहाणूला जाणारी, ती कोर्टाची बाई. त्यामुळे मी न्यायाधीश झाले तेव्हा माझ्या वडिलांची पंचाईत झाली. कासा गावच्या बाजारात कुणी विचारलं, "पोरगी काय करते?" तर ते छाती काढून सांगायचे, "कोर्टात असते." ऐकणारा हळहळायचा. "अरेरे, नवरा नांदवत नाय का?" वडिलांनी काही दिवस समजावून पाहिलं. मग कंटाळले आणि "सरकारी नोकरीत आहे" एवढंच सांगायला लागले.

हे मी शाळेत जाणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिते आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आमच्या भागातून न्यायाधीश झालेली मी पहिली मुलगी, असं सत्कारात सांगतात आणि नारळ देतात. पहिली असण्याचं मला फारसं कौतुक नाही. रांगेत कुणीतरी पहिलं असतंच. मला त्या रांगेत कुणी आणून उभं केलं, ते सत्कारात कुणी विचारत नाही, आणि मला तेच सांगायचं आहे.

डहाणू तालुका संपतो आणि तलासरी सुरू होतो, तिथं डोंगराच्या बाजूला आमचा पाडा आहे. भात, नाचणी, थोडी तूर, आणि उरलेलं वर्ष दुसऱ्याच्या कामावर. वडिलांची मोठी बहीण आमच्या शेजारच्याच घरात राहायची. पुस्तकात तिला आत्या म्हणतात. आम्ही फुई म्हणायचो. गुजरात हाकेच्या अंतरावर, तेव्हा तिकडचे शब्द न विचारता इकडे येतात. फुई काटक होती, तोंडानं फटकळ होती, आणि आजूबाजूच्या पाड्यांवर तिला मान होता, कारण ती धवलेरी होती.

आम्हा वारल्यांच्या लग्नात ब्राह्मण नसतो. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे एक बाई. तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक काढलेला असतो, त्याच्यापुढं बसून ती लग्नाची गाणी म्हणते. तिनं गाणी म्हटली की लग्न लागलं. नाही म्हटली, तर जेवणाच्या पंगती उठल्या काय आणि नाचाचा तारपा वाजून वाजून फुटला काय, लग्न लागलेलं नसतं. हे मला लहानपणी अगदी साधं वाटायचं. पाऊस ढगातून येतो तसं लग्न फुईच्या तोंडातून येतं. मोठी झाल्यावर कळलं की बाहेरच्या जगात महत्त्वाच्या गोष्टी पुरुषांच्या तोंडातून येतात, आणि मला त्याचं चांगलंच आश्चर्य वाटलं होतं.

फुईची एक स्वतःची रीत होती. इतर धवलेऱ्यांची होती की नाही, मला माहीत नाही. गायला सुरुवात करण्याआधी ती नवरीच्या डोक्यावरचा पदर सारखा करायच्या निमित्तानं वाकायची आणि तिच्या कानाशी विचारायची, "पोरी, तुला हा पायजे का?" नवरी मान हलवायची. फुई बसायची आणि गायला लागायची. मांडवातल्या सगळ्यांना ही रीत माहीत होती आणि कुणी तिच्याकडं लक्ष द्यायचं नाही. नवरी मान हलवणारच, यात विचारण्यासारखं काय आहे?

मग माझं लग्न ठरलं.

मी आश्रमशाळेत बारावीची परीक्षा देऊन आले होते. निकाल लागायचा होता. कायद्याचं कॉलेज नावाची एक गोष्ट असते हे आमच्या एका सरांनी सांगितलं होतं आणि ते माझ्या डोक्यात बसलं होतं. घरी मी ते एकदाच बोलले. आई म्हणाली, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि तू तिकडं शिकायला जातेस?" वय कायद्यात बसत होतं, मुलगा बरा होता, वाणगावच्या बाजूला कामाला होता, दारू पीत नव्हता. माझ्याकडं 'नाही' म्हणायला एकही सांगण्यासारखं कारण नव्हतं. "मला शिकायचंय" हे कारण आमच्याकडं तेव्हा कारणात धरत नसत.

मांडव पडला. चौक काढला गेला. मला पिवळं लुगडं नेसवून बसवलं. आमच्याकडं हळदीचा वास कितीतरी दिवस अंगाला राहतो. मला तो अजून आवडत नाही. फुई आली, वाकली, पदर सारखा केला आणि विचारलं, "पोरी, तुला हा पायजे का?"

मी मान हलवली नाही. मोठं काही धाडस वगैरे केलं, असं समजू नका. नाही म्हणायची माझी छाती नव्हती आणि हो माझ्यानं म्हणवेना, एवढंच झालं. मी मूग गिळून बसले.

फुईनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा गप्प. तेव्हा ती सरळ झाली, आपल्या जागेवर जाऊन बसली आणि तोंड मिटून घेतलं.

आधी लोकांना वाटलं, घसा बसला असेल. कुणीतरी पाणी दिलं. ती प्यायली आणि गप्प. मग नवऱ्याकडचा एक म्हातारा म्हणाला, "गा की गो बाय, वेळ चालला." फुई म्हणाली, "पोर बोलत नाय. मी गात नाय."

मांडवात गलका झाला. "लाजते ती!" "पोरीची जात लाजणारच!" आमच्या पाड्यातल्या एका शिकलेल्या काकांनी तर हात वर करून निकालच दिला, "मौन म्हणजे संमती. गा तू." फुईनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते चप्पल शोधायला लागले.

"हो म्हणायला एक शब्द लागतो," ती म्हणाली. "तो हिच्या तोंडातून आला की गाते. मला घाई नाय."

आणि ती बसून राहिली. रागावली नाही, रडली नाही, मला समजावलंही नाही. जाळ्यावर बसलेल्या कोळ्यासारखी शांत बसली. वडील आले आणि तिच्याशी भांडले. आई माझ्या दंडाला चिमटे काढत राहिली. सगळा मांडव एका बाईच्या मिटलेल्या तोंडापुढं अडून राहिला. मी पदराआडून बघत होते, आणि मला भीती वाटत होती हे खरं, पण त्याहून जास्त नवल वाटत होतं. एखाद्या बाईनं आवाज चढवला की लोक तिला गप्प करतात, हे मी खूपदा पाहिलं होतं. गप्प बसलेल्या बाईचं काय करायचं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

शेवटी मला कंठ फुटला. "मला शिकायला जायचंय," मी म्हणाले. फुईनं गुडघ्यावर हात ठेवून उठता उठता एवढंच म्हटलं, "ऐकलंत? मग हे जेवण जेवून घ्या, वाया नको."

नवऱ्याकडचे न जेवता गेले. मी कॉलेजला गेले. त्या मुलाचं पुढच्याच उन्हाळ्यात चांगलं लग्न झालं, आणि मला त्याबद्दल आनंदच आहे. या सगळ्याची किंमत फुईनं मोजली. तिला लग्नांना बोलावणं बंद झालं. भांडण असं कुणी केलं नाही. फक्त लग्न ठरलं की लोक दुसऱ्या पाड्यावरची धवलेरी आणायचे. "तिला बोलवू नका, अर्ध्यात गप्प बसते." आमच्या घरासमोरून वरात जायची आणि फुई ओट्यावर बसून दात घासत असायची, भर दुपारी. पुढं ती डहाणूच्या बाजूला चिकूच्या वाडीत फळं निवडायच्या कामाला जाऊ लागली. तिथल्या बायका म्हणायच्या, ही बाई कामात कधी गुणगुणतसुद्धा नाही. मी एकदा तिला म्हटलं, "फुई, माझ्यामुळं तुझं गाणं गेलं." ती म्हणाली, "गेलं कुठं? पोटात हाय. तू आपला अभ्यास कर."

वकिलीची सनद घेऊन मी डहाणूच्या कोर्टात आले, तेव्हा दारावरच्या पोलिसानं मला अडवलं. "बाई, पक्षकारांनी बाहेर बसायचं." काळा कोट अंगावर होता, तरी. त्याला वाटलं, कुणा वकिलाचा कोट हिनं हातात धरायच्या ऐवजी अंगावर घातला असेल. बार रूममधले लोक वाईट नव्हते. चहा पाजायचे, आणि माझ्यादेखत म्हणायचे, "हिचं बरं आहे, हिला काय, राखीव कोट्यातून सगळं मिळेल." एका वर्षी बार रूमला रंग दिला, तेव्हा सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की भिंतीवर वारली चित्रं मी काढायची. मी सांगून दमले की मला चित्रकला येत नाही, मी माणूस काढला तर खेकडा वाटतो. त्यांना पटेना. वारली आहे म्हणजे येणारच. शेवटी मी काढलं. ती भिंत दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा रंगवली, आणि त्यानंतर मला चित्रांविषयी कुणी विचारलं नाही.

आपली माणसंही मला वकील मानायची नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. चारोटीहून, तलासरीहून पक्षकार यायचे, माझ्याशी वारलीत पोटभर बोलायचे, सगळी हकिगत सांगायचे आणि शेवटी विचारायचे, "आता साहेब कधी येतील?" साहेब म्हणजे पुरुष. मला वाईट वाटायचं. मग मी अभ्यासाला बसायचे, कारण वाईट वाटण्यावर मला दुसरं औषध सापडलं नव्हतं. न्यायाधीशाची परीक्षा पहिल्या खेपेला गेली, दुसऱ्या खेपेला निघाली.

न्यायाधीशाला आपल्या घरच्या जिल्ह्यात नेमत नाहीत. ओळखीपाळखी आड येऊ नयेत म्हणून, आणि ते बरोबरच आहे. डोंगर दिसत नाहीत अशा एका लांबच्या तालुक्याला मला पाठवलं. तिथं लोक आधी आडनाव विचारायचे, मग गाव विचारायचे, मग "अच्छा, अच्छा" म्हणून गप्प व्हायचे. त्या "अच्छा"त काय काय असायचं, ते मला ऐकू यायचं. तिथले एक ज्येष्ठ वकील माझ्याशी थेट बोलतच नसत. माझ्यासमोर उभे राहून खालच्या कारकुनाला म्हणायचे, "बाईंना सांगा, मागचे साहेब अशा अर्जावर लगेच ऑर्डर करायचे." मीही मग कारकुनालाच सांगायचे, "वकीलसाहेबांना सांगा, मागच्या साहेबांची बदली झाली."

फुईचे डोळे दाखवायचे होते म्हणून वडील तिला घेऊन माझ्याकडं आले, तेव्हाची गोष्ट. दवाखान्याला दुपारी जायचं होतं. फुई म्हणाली, तोवर तू काय करतेस ते बघते. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. ती येऊन शेवटच्या बाकावर बसली, पाय वर घेऊन. शिपायानं पाय खाली घ्यायला सांगितलं. तिनं घेतले, तो गेल्यावर पुन्हा वर घेतले.

त्या दिवशी एका बहिणीचा आणि तिच्या भावांचा जमिनीचा दावा होता. बहिणीनं वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागितला होता. आता तडजोड झाली म्हणून ते ज्येष्ठ वकील कागद घेऊन उभे राहिले. तडजोड अशी की बहिणीनं सगळं सोडायचं. बहिणीचा अंगठा होता, भावांच्या सह्या होत्या. मी सही केली की काम संपलं, एक दावा निकाली. बहीण पिंजऱ्याशेजारी उभी होती, पदर कपाळापर्यंत, नजर पायाकडं.

कागदावर अंगठा आहे म्हणून कोर्टानं डोळे मिटून हुकूम करायचा नसतो. माणूस आपल्या मनानं कबूल आहे का, ते बघायचं असतं. मी विचारलं, "ताई, तुम्हाला हे पाहिजे का?"

ती काही बोलली नाही. भावाकडं बघितलं, खाली बघितलं.

"बाईंना सांगा," वकील कारकुनाला म्हणाले, "खेड्यातली बाई आहे, लाजते. मौन म्हणजे संमती."

ते वाक्य मी हळदीच्या लुगड्यात बसून ऐकलं होतं. मी भावांना बाहेर थांबायला सांगितलं. मग पेन खाली ठेवलं, पाठ खुर्चीला टेकली आणि गप्प बसले.

असं काही करायचं मी ठरवलं नव्हतं. मी समजावू शकले असते, कलमं सांगू शकले असते. पण समजावणारे तिला घरी पुष्कळ भेटले असणार. वकिलांनी घसा साफ केला. घड्याळाकडं पाहिलं. कारकुनाला म्हणाले, "अशानं कामकाज कसं चालायचं? वर कळवावं लागेल." मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. नोकरी नवी होती, आणि 'हिला कामकाज समजत नाही' असा शेरा माझ्यासारखीला जन्मभर पुरला असता. तरी मी तोंड उघडलं नाही. पंखा फिरत राहिला. मी शेवटच्या बाकाकडं पाहायचं टाळलं.

"विहिरीजवळचा तुकडा पाहिजे मला," ती बहीण एकदम म्हणाली. आवाज इतका बारीक होता की टंकलेखिकेनं मान वर केली. "बाकी घ्या म्हणावं. तिथं आईनं आंबा लावलाय."

मी पेन उचललं आणि तडजोड मंजूर नाही असं लिहून घेतलं. वकिलांनी खरोखरच वर तक्रार केली. मला खुलासा विचारला गेला, मी तो दिला आणि प्रकरण तिथंच संपलं. दावा पुढं चालला आणि आंब्याचा तुकडा त्या बहिणीला मिळाला, पण तोवर माझी बदली झाली होती. मला ते दुसऱ्याकडून कळलं.

फुई मात्र काही बोलली नाही. दवाखान्यात नाही, जेवताना नाही. मी वाट बघत होते, कबूल करते. एवढी मोठी झाले तरी तिच्या तोंडून एक शब्द हवा होता. तिनं फक्त विचारलं, "तुझी खुर्ची एवढी उंच कशाला?" मी म्हटलं, "सगळे दिसावेत म्हणून." ती म्हणाली, "मला खालूनपण दिसायचे." आणि दुसऱ्या दिवशी ती वडिलांबरोबर परत गेली.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी डहाणूला नर्सिंग शिकलेली, स्वतःच्या पसंतीचं करत होती. थोरांनी नेहमीप्रमाणं दुसऱ्या पाड्यावर धवलेरीला निरोप धाडायचं ठरवलं. मुलीनं सांगितलं, "आपल्या घरात धवलेरी असताना बाहेरची कशाला? ती गाईल, नायतर मी बसत नाय." घरात दोन दिवस धुसफूस झाली. मग आमचेच वडील, जे एके काळी मांडवात तिच्याशी भांडले होते, ते फुईच्या ओट्यावर जाऊन बसले. काय बोलले ते मला कळलं नाही. परत येऊन म्हणाले, "येते म्हणाली."

मी रजा काढून गेले. चौक काढलेला होता, आणि तो बार रूममधल्या माझ्या चित्रापेक्षा पुष्कळ बरा होता. फुई दोघींच्या आधारानं आली. ती वाकली, नवरीचा पदर सारखा केला आणि विचारलं, "पोरी, तुला हा पायजे का?"

"पायजे!" पोरगी इतक्या जोरात म्हणाली की नवरदेव लाजला. सगळा मांडव हसला. फुई पण हसली, तिचे उरलेले दात दिसले.

हसणं ओसरेना, तेव्हा ते चप्पल शोधणारे काका, आता पार म्हातारे झालेले, म्हणाले, "गो बाय, तुझी ही भाची जज झाली म्हणतात. तू तर कोर्ट बघून आलीस. तिला काय येतं तरी काय?"

फुईनं माझ्याकडं पाहिलं.

"गाता नाय येत तिला," ती म्हणाली. "पण गप्प बसता येतं."

मग ती चौकाकडं वळली, आणि इतक्या वर्षांनी गायला लागली.